शेवटच्या वाफ्याचे कडवे

एकदा एक तरुण गायिका एका वृद्ध मोटकऱ्याकडे गाणे शिकायला गेली, एवढे मला खात्रीने सांगता येते. विहिरीकाठी त्या दोघांत जे घडले, ते मी पाहिलेले नाही. ते मला दोन माणसांनी सांगितले, आणि दिवसांच्या संख्येवर त्यांचे एकमत नाही. एक पाच म्हणतो, दुसरा सात. मी सात धरले आहेत, कारण सात सांगणाऱ्याचे शेत त्याच विहिरीला लागून आहे. शेवटी ज्या ध्वनिमुद्रणाचा उल्लेख येईल, ते मात्र मी स्वतः ऐकले आहे.

ही गायिका मोटेची गाणी गात असे. विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी बैलांच्या बळावर वर येई. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. बैल मागे सरले की ती विहिरीत उतरे, बैल उतारावरून पुढे चालले की भरून वर येई. बैल हाकणारा या येरझाऱ्यांवर गाणे म्हणे. गायिकेने चालती मोट कधी पाहिली नव्हती. गाणी तिने म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून एकेक कडवे करून गोळा केली होती, आणि प्रत्येक कडव्यानंतर तिला एक मोकळी जागा आढळत असे. ती रिकामीच आहे असे समजून तिथे ती एक उंच, लांब तान घेई. जत्रेत लोक शिट्ट्या मारीत त्या नेमक्या या तानेला.

तिने दोन वर्षे जत्रा आणि हळदीचे मांडव गाजवल्यावर गाण्यांच्या एका व्यापाऱ्याने तिला बोलावले.

“चार कडव्यांचे एक गाणे घेतो,” तो म्हणाला. “आठ दिवसांनी ध्वनिमुद्रण. पण ताई, मध्ये कुठे शांतता नको. शांतता आली की लोक दुसरे गाणे लावतात. तुम्हाला जमणार नसेल तर तुमच्यामागे आणखी एक बाई थांबल्या आहेत.”

तिला त्या गाण्याची तीनच कडवी येत होती. चौथे ज्याला ठाऊक होते असा एकच माणूस हयात होता. ती त्याच्या वस्तीवर पोहोचली तेव्हा पहाट होती. पंपाची वीज यायला अवकाश होता आणि विहिरीवरच्या उंबराची पाने धुक्यात एकेक करून दिसू लागली होती.

“बाबा, गाणे शिकायला आले आहे,” ती म्हणाली.

“तुला येतंय की,” वृद्ध म्हणाला. “परवाच्या जत्रेत आमच्या सरपंचांनी शिट्टी मारली म्हणे. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत. तरी मारली.”

“तीन कडवी येतात. चौथे हवे आहे.”

वृद्ध आत गेला. घरातून दोराला बांधलेली पितळी कळशी आणून त्याने तिच्या हाती दिली.

“पहिलं कडवं म्हण, मग ही विहिरीत सोड आणि पाण्याकडं पाठ कर. भरली की पुढचं कडवं धर आणि गात गात ओढ.”

तिने कळशी सोडली आणि सवयीने तान घेतली. तान संपल्यावर दुसरे कडवे धरले, दोर ओढला. कळशी अर्धी भरली होती. वृद्धाने आत पाहिले आणि ते पाणी परत विहिरीत ओतले.

“चौथे कडवे?” तिने विचारले.

“उद्या ये.”

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी तिने युक्ती केली: तानेचे आवर्तन मोजून ती थोडी लांबवली. कळशी जवळजवळ भरली. वृद्धाने तेही पाणी ओतून दिले. चौथ्या दिवशी तेच आवर्तन अपुरे पडले, कारण आदल्या दुपारी पंप चालला होता आणि पाणी हातभर खाली गेले होते.

“बाबा, चार दिवस राहिले आहेत,” ती म्हणाली. “त्या बाईंना बोलावतील. मग मी पुन्हा हळदीच्या मांडवात.”

“मांडवात जेवण बरं असतं,” वृद्ध म्हणाला. “उद्या ये.”

सातव्या पहाटे ती थकली होती. पहिले कडवे संपले, कळशी खाली गेली, आणि तानेसाठी तिला श्वासच पुरला नाही. ती नुसती उभी राहिली. तेव्हा पाठीमागून, फार खोलातून, कळशीच्या तोंडात शिरणारे पाणी तिला ऐकू आले. ते गुडगुडत होते, मग बारीक झाले, मग थांबले. धुके जणू विहिरीतूनच वर येत होते. त्या थांबण्यावर तिने दुसरे कडवे धरले. कळशी काठोकाठ भरून आली.

वृद्धाने ते पाणी पाटात ओतले. मग तो कठड्यावर बसला.

“तुझ्याएवढा होतो तेव्हा माझाही गळा चांगला होता,” तो म्हणाला. “मोट चालू झाली की माणसं ऐकायला यायची. म्हणून मी ती जागा भरायला लागलो, तुझ्यासारखाच. गात राहिलं की मोट बुडलेली ऐकू येत नाही. बैल आधीच हाकले जायचे आणि मोट अर्धी वर यायची. पाणी पाटाला लागायचं, पण वाटेतच जिरायचं. पाटाच्या टोकाला थोरल्या वहिनीचा कांद्याचा वाफा होता. भाऊ गेल्यावर तिचं म्हणून तेवढंच राहिलं होतं. ती भांडली नाही. एक दिवस विहिरीवर आली, उभ्यानं गाणं ऐकलं आणि म्हणाली, ‘भावजी, गाणं लई चांगलं झालंय. माझ्या वाफ्यापर्यंत आलं नाही.’ पाणी रोज वेगळ्या खोलीवर असतं, पोरी. म्हणून ती जागा कुणी मोजून देऊ शकत नाही. मोटकऱ्यानं तिथं ऐकायचं असतं. चौथं कडवं मी त्या दिवसानंतर जोडलं.”

आणि त्याने ते सांगितले. ती एकच ओळ होती, दोनदा म्हणायची:

शेवटल्या वाफ्याला सांगा, पाणी निघालं हाय.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पहिल्या कडव्यानंतर ती गप्प राहिली. काचेपलीकडून व्यापाऱ्याने हात हलवले, तिने पाहिले नाही. तिने काचेकडे पाठ केली होती. व्यापाऱ्याने साथीच्या बासरीवाल्याला खूण केली आणि त्याने ती जागा भरून काढली. दुसऱ्या कडव्यानंतरही त्यानेच भरली. तिसऱ्या कडव्यानंतर खूण झाली तेव्हा त्याने बासरी ओठांपर्यंत नेली आणि खाली घेतली.

“झोप लागली होती का?” नंतर व्यापाऱ्याने त्याला विचारले.

“नाही हो,” बासरीवाला म्हणाला. “त्या काहीतरी ऐकत होत्या. मध्ये कसे बोलायचे?”

ती जागा कापून टाकतो, असे व्यापारी म्हणाला होता. त्याने कापली नाही. का, ते त्याने कोणाला सांगितलेले नाही. गाणे विकले गेले, फार नाही. पुढच्या गाण्यासाठी त्याने त्या दुसऱ्या बाईंना बोलावले, आणि गायिकेकडे निरोप आला तो वर्षभराने.

ते मुद्रण मी घड्याळ लावून तीनदा ऐकले. बासरीने भरलेल्या दोन्ही जागा प्रत्येकी सहा सेकंदांच्या आहेत. तिसरी, जिच्यानंतर शेवटच्या वाफ्याला निरोप जातो, ती अकरा सेकंदांची आहे, आणि तिच्यात काहीही ऐकू येत नाही. ध्वनिमुद्रण झाले ती इमारत खडकावर उभी आहे आणि तिच्या आवारात कधीही विहीर नव्हती, याची मी चौकशी केली आहे.