सात पिढ्यांचं विरजण

एके काळी, डोंगरसुद्धा पोरवयाचे होते तेव्हा, एका खोऱ्यात सिदू नावाचा गवळी राहत होता. घरात म्हातारी आई, बायको येसू, सहा महिन्यांची लेक. गोठ्यात सात म्हशी. कशाला काही कमी नव्हतं. पण गड्याचं चित्त घरात ठरेल तर शपथ!

"तीच म्हैस, तीच धार, तेच दही! ह्यात कसला आलाय पराक्रम? मला जग बघायचंय," असं तो उठता-बसता म्हणे.

आणि एक दिवस गावात बैलांचा तांडा उतरला, थेट समुद्रापर्यंत जाणारा! सिदूनं गाठोडं बांधलं. दुसऱ्या दिवशी लेकीचं उष्टावण, आणि हा आज निघाला!

जाणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं, ही रीत. येसूनं थोडं दिलं. "अजून दे की," म्हणत त्यानं मडकंच ओढलं, आणि बोट फिरवून तळ चाटूनपुसून साफ केला.

म्हातारी आली, मडक्यात डोकावली आणि किंचाळली, "अरे मेल्या, विरजण खाल्लंस की रे!"

झालं! कालच्या दह्यातलं चमचाभर राखायचं, त्यानं आजचं दूध विरजायचं, असं त्या घरात सात पिढ्या चाललं होतं. घरातल्या प्रत्येक लेकराचा पहिला घास त्याच दह्याचा. आता उद्या काय भरवायचं?

"शेजारून आणू की," सिदू पुटपुटला.

"हो का? मग लेकीला बापही शेजारचाच बघू का?" म्हातारी कडाडली.

येसू हळूच म्हणाली, "डोंगरापलीकडं आत्याबाई आहेत. लग्नात त्यांनी ह्याच मडक्यातलं विरजण नेलं होतं. सांजच्या धारेला परत आलात, तर उद्या दही लागेल."

"हा गेलो नि हा आलो!" सिदू धावत सुटला. तांडा दुपारी हलणार होता.

काय तो डोंगर, बाई! करवंदीच्या जाळीत धोतर फाटलं. ओढ्यानं एक वहाण नेली. कपारीतून गांधीलमाश्या उठल्या, तसा गडी कोलांट्या घेतच आत्याच्या अंगणात पडला.

आत्या पोट धरून हसली. तिनं बोळक्यात दही घातलं, तोंडाला फडकं बांधलं. "पळ! हे सांडलंस तर तुझा आजा वरून काठी घेऊन उतरेल!"

परतताना खिंडीत घुंगरं वाजली. खाली तांडा निघाला होता. सिदू थबकला. एकीकडं समुद्राची वाट, एकीकडं घराची. हातातलं बोळकं डुचमळलं. तो घराकडं पळाला.

तेवढ्यात झाडावरून वानर आलं आणि बोळकं हिसकून वर! सिदू मागोमाग फांदीवर. वानरानं फडकं फेकलं, बोट फिरवून तळ चाटूनपुसून साफ केला, आणि बोळकं दगडावर आपटलं. सिदू बघतच राहिला. सकाळी आपण अगदी असेच दिसलो असणार!

धारेच्या वेळी तो दारात आला. मुठीत नुसतं फडकं, डोळ्यांत पाणी. "गेलं गं येसू. सगळं गेलं."

येसूनं फडकं उलगडलं आणि खुदकन हसली. "अहो, ह्याच्या टोकाला दही लागलंय नव्हं का?" तिनं ते टोक कोमट दुधात बुडवलं.

त्या सांजेला घरात एकच कल्ला. "मग? मग वानर काय म्हणालं?" म्हातारी चारचारदा विचारी, आणि हसून तिला ठसका लागे.

पहाटे सगळी मडक्याभोवती बसली. येसूनं झाकण काढलं, मडकं कलतं केलं. दही हललंसुद्धा नाही!

म्हातारीनं चमचा बुडवला. "तांडा पुढच्या मुक्कामाला गाठशील. हात कर पुढं."

सिदूच्या तळव्यावर दही पडलं. त्यानं ते बघितलं, आणि तळवा लेकीच्या ओठांशी नेला. पोरीनं चाटलं, तोंड वाकडं केलं, आणि दोन्ही हातांनी बापाचं बोट ओढून पुन्हा तोंडात घातलं.

"बापावर गेलीय गं बाई! मडकं लपवा!" म्हातारी ओरडली.

त्या दिवशी सिदूनं गाठोडं सोडलं, आणि गाठोड्याच्याच धोतराची लेकीला झोळी बांधली.

म्हणून सांगते लेकरांनो, आपल्या माणसांसाठी जो जीव टाकून धावतो, त्याला पराक्रम घराच्या वाटेवरच भेटतो.