मरजानची शर्यत

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते विचारू नका, मोजणारे कधीच गेले. खाजणपाड्याच्या खाडीकाठी मरजान नावाची सिद्दी मुलगी राहायची. तिच्या पूर्वजांना दूर आफ्रिकेहून गलबतांतून आणलं होतं. घरात खायची ददात, म्हणून ओहोटीला ती आईबरोबर चिखलात शिंपल्या वेचायची. त्या चिखलावर ती इतक्या वेगाने धावायची, की असं म्हणतात, खेकडा बिळात शिरायच्या आत ती त्याच्या पुढे गेलेली असायची.

दर वर्षी गावाची शर्यत व्हायची. चिखलातून पलीकडच्या खडकापर्यंत जायचं, निशाणाला हात लावायचा आणि भरतीआधी परतायचं. मरजानला त्या रांगेत उभं राहायचं होतं, दुसरं काही नको होतं. पण तिचा काळा रंग आणि कुरळे केस पाहून खोताचा मुलगा रायाजी ओरडायचा, "हबशिणीचा पाय लागला तर खाडी कोपंल!" लोक एवढे भित्रे, की तिला रांगेत घेत नसत आणि तिच्या पावलांच्या ठशांवरही पाय ठेवत नसत.

एका वर्षी शर्यतीआधी ती शिंपल्या वेचून आली होती. तिचे ठसे बरोबर घट्ट जमिनीवरून गेले होते. ते चुकवायला शर्यतीतले सगळे बाजूला वळले आणि दलदलीत कमरेपर्यंत रुतले. तेवढ्यात भरती गरजत आली. चिखलात होडी चालेना. काठावर आया ऊर बडवू लागल्या.

मरजान धावली. एकेकाला ओढून काढत म्हणाली, "माझ्या पावलावर पाय टाका, नायतर बुडाल!" रायाजी शेवटचा. पाणी गळ्याशी आलं, तरी त्याचा पाय उचलेना.

"भ्यायचं तर पाण्याला भी," ती म्हणाली, "मला काय भितोस?"

त्याने तिच्या पावलावर पाय टाकला.

सगळे काठावर पोचले, आणि मरजान परत वळली.

"माझी शर्यत राहिली."

"मरजान, नको गं!" आई किंचाळली.

तिचं डोकं दिसलं, बुडालं, पुन्हा दिसलं, मग दिसेनासं झालं. काठावर कुणी श्वास घेईना. असं म्हणतात, पाणीच तिच्या पायांखाली घट्ट झालं. काही जण म्हणतात, भीतीने सगळ्यांनी डोळे मिटले होते, कुणी काही पाहिलंच नाही. पण ती निशाण हातात घेऊन चालत बाहेर आली, हे सगळ्यांनी पाहिलं.

ती म्हातारी होईपर्यंत रांगेत धावली. ती गेली, तरी खाजणपाड्यात शर्यत अजून होते. सगळे रांगेत उभे राहतात आणि पंच हाक देतो, "मरजान, पुढं!" मग तिला पुढे जाऊ द्यायला दहा श्वास मोजतात. तेवढा वेळ कुणीही पाय उचलत नाही.