सोनेरी कडांची प्रत

आमच्या मिरजेच्या शशीवहिनींशी जरा जपून बोलावं, हे भाऊसाहेब इनामदारांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

राक्षसांच्या बेटाची ती जुनी अद्भुत कादंबरी पुन्हा संग्राह्य आवृत्तीत निघाली होती. चामडी बांधणी, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा. दुकानात एकच प्रत उरली होती. घरच्या प्रतीची पानं सुटायला लागली, म्हणून नवी घ्यायला आलेल्या वहिनी ताडून बघायला ती जुनी प्रत पिशवीत घेऊनच आल्या होत्या. त्यांनी नवी हातात घेतली, तेवढ्यात भाऊसाहेब आले. वाचनालयाचे अध्यक्ष! मागची संग्राह्य आवृत्ती त्यांच्याकडे होतीच. कपाटात जोडी शोभेल का, हे बघायला त्यांनी ती बरोबर आणली होती.

वहिनींची जुनी प्रत बघून ते हसले. "हळदीचे डाग! पुस्तक कसं ठेवावं ते आमच्याकडून शिका, बाई. ही बघा, इतक्या वर्षांत एक सुरकुती नाही. ती नवी द्या इकडे."

"देते की," वहिनी म्हणाल्या. "राक्षस रडतो ते पान तेवढं काढून दाखवा."

भाऊसाहेबांनी ऐटीत आपलं पुस्तक उघडलं. कर्रकन आवाज झाला. मुलाम्याने चिकटलेली पानं छापखान्यातून आली तशीच होती. सारं दुकान बघत राहिलं.

"भाऊसाहेब," वहिनी म्हणाल्या, "आमची हळद लागून सुखानं नांदतेय. तुमच्या पहिलीचा अंतरपाट अजून दूर झाला नाही, आणि तुम्ही दुसरं स्थळ बघायला आलात?"

दुकानदाराने नवी प्रत वहिनींच्या पिशवीत घातली. अक्षता तेवढ्या टाकायच्या राहिल्या.