केरबानं रस्त्यावरचं घर बघितलं

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव आमचंच. एकटाच होता असं कसं म्हणू? बाकीच्यांनी आपापलं झाकून ठेवलं होतं, केरबाचं तेवढं उघड्यावर होतं.

केरबा सुंभाच्या बाजा विणायचा आणि त्याची बायको हौसा भजी तळायची. घर गावाच्या आतल्या अंगाला, जुन्या गाडीवाटेवर. परसात हौसानं लावलेला शेवगा. सगळं छान, पण तिथं गिऱ्हाईक कुठलं यायला? मग हौसा रोज शेगडी, कढई, पीठ डोक्यावर घेऊन बाजारतळावर जायची. एक दिवस ती कढईसकट पडली. पाय मुरगळून घोटा भोपळ्याएवढा झाला. त्या दिवशी ती रडलीच.

"आता हे ओझं माझ्यानं व्हायचं नाही. घर रस्त्यावर असतं तर दारातच चूल मांडली असती."

नेमकं त्याच वेळी फाट्यावरचे नलगे अण्णा आपलं घर विकायला निघाले होते. गाड्यांच्या आवाजानं त्यांचं डोकं उठायचं. हौसाला तर पाय टेकवत नव्हता.

"अहो, तेवढं घर बघून या. नीट बघा हं."

केरबा गेला. रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला आणि दिवसभर घर बघत बसला.

"कसं आहे?" हौसानं विचारलं.

"समोरून आहे तसंच आहे."

"आत गेला नाहीत?"

"आत गेल्यावर घर दिसतंय होय?"

हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, आत जायचं. दारंखिडक्या लावून बघायच्या. भिंती ठोकून बघायच्या."

"खरंच की! माझं डोकं म्हणजे नुसती टोपी अडकवायची खुंटी. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

केरबाचं एक होतं. शिकलेलं तो कधी विसरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा म्हणाली, "आज रस्ता बघून या. वर्दळ किती, गाड्या थांबतात का."

केरबा गेला, आत शिरला. दारंखिडक्या लावल्या, भिंती ठोकल्या आणि अंधारात बसून राहिला.

"काही नाही गं," घरी येऊन म्हणाला. "एक चिटपाखरू फिरकलं नाही. भिंती मात्र पक्क्या आहेत."

"अहो, रस्ता कोंडून घेऊन बघतात का? ओट्यावर बसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायचं!"

"खरंच की! माझं डोकं म्हणजे खुंटी. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी हौसाला वेगळीच धास्ती पडली. एवढ्या गोंगाटात झोप लागेल का? "दुपारी तिथं जरा पडून बघा."

केरबा ओट्यावर आडवा झाला. सायकलवाला आला, त्याला थांबवलं. "दादा, मला झोप लागलीय का?" मग बैलगाडी थांबवली, मग ट्रक. एसटी आली तेव्हा डायव्हर-कंडक्टर दोघं खाली उतरले. अर्धी गाडी म्हणाली लागलीय, अर्धी म्हणाली कुठं, बोलतोय की. त्यावरून भांडण पेटलं आणि रस्ता पार मारुतीच्या देवळापर्यंत तुंबला.

हे ऐकून हौसाला हसावं का रडावं कळेना. "झोपायचं म्हणजे गुमान पडायचं हो! डोळे मिटायचे, तोंड मिटायचं. कुणी काही म्हणो, उत्तर द्यायचं नाही."

"खरंच की! खुंटीच." केरबानं स्वतःच्याच डोक्यात टपली मारली. आवाजही तसाच आला.

मग हौसानं त्याला सौद्याला पाठवलं. नलगे अण्णांनी चटई टाकली, चहा ठेवला. केरबा चटईवर आडवा झाला आणि डोळे मिटले.

अण्णा म्हणाले, "घराला घर द्या, वर थोडे पैसे द्या."

केरबा गप्प.

"बरं, पैसे थोडे कमी करा."

केरबा गप्प. अण्णांनी नाकाला कांदा लावून बघितला. केरबा हलेना.

"राहू द्या पैसे! घराला घर. दारापुढची पडवीही तुम्हालाच."

असलं चिवट गिऱ्हाईक अण्णांनी जन्मात बघितलं नव्हतं. केरबा घरी आला तेव्हा हौसानं त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचं कौतुक झालं. त्याला ते फार आवडलं.

घरांची अदलाबदल झाली. हौसाचा पाय बरा झाला, दारात चूल पेटली. ट्रक थांबायचे, एसटी थांबायची. हौसाच्या डोक्यावरचं ओझं गेलं आणि ती तळता तळता गुणगुणायला लागली. एके दुपारी आडवी होता होता म्हणाली, "बाकी सगळं सोन्यासारखं झालं हो. हा गाड्यांचा आवाज तेवढा नको होता."

ती झोपली आणि केरबा रस्त्यावर जाऊन उभा राहिला. येईल त्याला थांबवून विचारायला लागला, "आमची हौसा झोपलीय. जुन्या गाडीवाटेनं जाता का?"

माणसं भली. सगळ्यांनी तिची भजी खाल्लेली. "वहिनी झोपल्यात? झोपू द्या की," म्हणत वळली. आणि जुन्या वाटेनं गेलं की दोन वळणं वाचतात, हे डायव्हर लोकांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. ते परत फाट्यावरनं कशाला येतील?

हौसा उठली तेव्हा सगळं सामसूम होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. भजी परातीत गार पडली. हौसा चुलीपुढं डोळे पुसत बसली.

"आता कुणाला खायला घालू मी?"

केरबाला फार वाईट वाटलं. "चूक माझीच. खुंटीच ही! पण या वेळी मी निस्तरून आलोय. दुसरं घर बघितलं. रस्त्यावरचं."

"बघितलं म्हणजे? समोरून?"

"समोरून बघितलं. आत जाऊन भिंती ठोकल्या. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं. एक डुलकीही काढली. दारावरनं सारख्या गाड्या गं! मालकानं चहाची टपरी टाकलीय, तर उभं राहायला जागा नाही."

हौसाचे डोळे चमकले. "आणि सौदा?"

"आडवा पडलो, डोळे मिटले. पण या वेळी उलटंच झालं. मी जितका गप्प, तितके ते वाढवत गेले. घराला घर, वर माझ्या सगळ्या बाजा, वर तुझी कढई. आणखी काही मागायच्या आत उठलो आणि हो म्हणून टाकलं."

"कढई? अहो, मालक तरी कोण?"

"आपले नलगे अण्णाच! चल, ऊठ. तुला आवडेल बघ. परसात तू लावला होतास ना, अगदी तसाच शेवगा आहे."