दाराला टेकवलेला धोंडा

“...म्हणजे आता तरी मला दीक्षा द्याल?”

त्रिविक्रम आपट्यांनी फकीरबाबांच्या पुढ्यात नकाशा पसरला. या डोंगराळ मुलुखात तीन वर्षं पायपीट करून त्यांनी तो तयार केला होता. माणूस विद्वान होता, आणि तसं तो स्वतःच सांगे.

“खिंडी, नद्या, जमाती... सगळं आलंय. सुटलेलं एक गाव दाखवा.”

बाबांनी नदीपलीकडे बोट ठेवलं. “इथे लुंगर आहे. ते दिसत नाही.”

“ते ओसाड पडलंय, बाबा. श्रावणात मी स्वतः जाऊन आलो. एकवीस घरं आणि चिटपाखरू नाही. कुलपंसुद्धा नाहीत, दाराला बाहेरून नुसता एकेक धोंडा टेकवलेला.”

“धोंडा सरकवून आत पाहिलंस?”

“छे, परक्याच्या घरात कसं शिरायचं?”

“ओसाड म्हणतोस, आणि परक्याचंही म्हणतोस.”

आपटे हसले. बाबा हसले नाहीत.

“मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात जाताना ती माणसं असा धोंडा लावतात. वाटसरूनं तो सरकवावा. आत पीठ असतं, चूल असते. भाकरी भाजून खावी आणि जाताना धोंडा पुन्हा लावावा. बर्फ पडायच्या आत सगळे खाली येतात, आणि हिवाळ्याचं धान्य घ्यायला पूल ओलांडून इकडे.”

आपट्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय झालं?”

“मी... कचेरीत कळवलं होतं. ओसाड गावाला झुलता पूल कशाला, दुसरीकडे कामी येईल, म्हणून.”

“मग?”

“परवा उतरवून नेला.”

बाबांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. नदीपलीकडच्या उतारावरून मेंढ्यांच्या घंटा ऐकू येऊ लागल्या होत्या. लहान मुलांचे आवाजही होते.

बाबा उठून बाहेर गेले. वाऱ्यानं छप्पर उडू नये म्हणून त्यावरून जाडजूड दोर आवळलेला होता. त्याच्या गाठी ते सोडू लागले.

“बाबा, छप्पर जाईल...” मागोमाग बाहेर आलेले आपटे म्हणाले.

बाबा गाठी सोडतच राहिले. दोराचं वेटोळं त्यांनी खांद्यावर टाकलं. मग झोपडीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून एक धोंडा टेकवला.

आपट्यांनी पेन्सिल काढली होती. नकाशा त्यांनी गुडघ्यावर धरला होता.

“आत्ता दुरुस्त करतो, बाबा. लुंगर... एकवीस घरं...”

“नकाशा राहू दे,” बाबा म्हणाले. “हात मोकळे लागतील.”