तोंडातलं पान

पानमळ्यात बाईने पाऊल टाकलं की वेल जळतात, असं त्या गावात सगळेच मानत. नवरा गेल्यावर सगुणा आपला मळा स्वतः राखू लागली आणि त्याच उन्हाळ्यात शेजारच्या इनामदारांचे वेल पिवळे पडले. त्यांच्या मळ्याची विहीर तळाला गेली होती. पण विहिरीला गावाबाहेर काढता येत नाही, बाईला येतं!

"मळा माझ्या हवाली कर आणि चालती हो," इनामदार पंचांसमोर गरजले.

"जाईन, सरकार. पण आधी खात्री करा," सगुणा म्हणाली. "तुमच्या मळ्यातली एकाआड एक ओळ महिनाभर मी राखते, उरलेल्या तुमचे गडी राखतील. पाणी सारखंच. माझ्या ओळी कोणत्या, हे पंच लिहून ठेवतील; तुम्हाला कोणी सांगायचं नाही आणि तुम्ही महिनाभर मळ्यात यायचं नाही. मग तुम्ही त्या ओळखून दाखवा."

"त्यात काय! नुसत्या वासावरून सांगेन."

महिन्याने इनामदार ऐटीत मळ्यात शिरले. एका पिवळ्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बाईची." मग शेजारच्या हिरव्यागार ओळीतलं पान खुडून त्यांनी तोंडात टाकलं. "आणि ही गड्यांची. चवच सांगते!"

पंच चाचरत म्हणाले, "सरकार, उलटं आहे. पिवळी गड्यांची. त्यांनी पाणी भर उन्हात घातलं, हिने ऊन उतरल्यावर."

"मग तिच्यावर हिची सावली पडली असेल!"

"माझ्या सावलीने वेल जळतो, तर मी महिनाभर हात लावलेलं पान तुम्ही चघळताय कसं?" सगुणा कडाडली. "थुंका की!"

इनामदारांना पान थुंकवेना आणि गिळवेना. सगुणा निकालासाठी थांबलीच नाही. तिच्या वेलांना पाणी द्यायचं राहिलं होतं.