चावीतला वाटा

“न थांबवता दुरुस्त होतं की नाही, एवढंच सांगा.”

उंबरजे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरचाचा घड्याळ कानाशी धरून बसले होते.

सर म्हणजे आमच्या बार्शीतल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. मीही त्यांच्या हातचा मार खाल्लाय. आता पन्नाशीला आलो, चाचांच्या हाताखाली घड्याळं उघडण्यात बावीस वर्षं गेली, तरी सर दुकानात शिरले की मी स्टुलावरून उठतोच. खोड जात नाही.

“दिवसाला वीस मिनिटं मागं पडतंय,” सर म्हणाले. “माझ्याकडून हयगय नाही. रोज सकाळी सहाला चावी देतो. हातात घालून नाही, टेबलाशी बसून. बोटाला घट्ट लागली की थांबतो, एक फेरा जास्त नाही. पाण्याजवळ नेत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवतो. आणखी काय करायचं माणसानं?”

“उघडून साफ कधी केलं होतं?” चाचांनी विचारलं.

“उघडलेलं नाही.”

“तेल?”

“तेलासाठी थांबवावं लागतं म्हणे. ते मला चालणार नाही.”

“चारच दिवस थांबेल, सर,” मी मध्ये तोंड घातलं.

“तुला विचारलंय का, नागनाथ?”

चाचांनी घड्याळ कानावरून खाली घेतलं.

“कुणाचं आहे?”

“...मल्लिनाथचं.”

मल्लिनाथ सरांचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी कुर्डुवाडीच्या अलीकडे मोटारसायकलवरून पडून गेला. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. चाचाही मातीला जाऊन आले होते. तरी त्यांनी विचारलंच, आणि खरं सांगतो, मला त्यांचा राग आला.

“दवाखान्यात पिशवीत घालून माझ्या हातात दिलं,” सर म्हणाले. “काचेला चरासुद्धा नव्हता. चालू होतं. त्या दिवशी सकाळी चावी त्यानं दिलेली होती.”

“मग?”

“मग मी ती संपू दिलेली नाही.”

...

“ऐका,” सर म्हणाले. आवाज एकदम वर्गातला झाला. “हे घड्याळ पूर्ण चावीवर चाळीस तास चालतं. मी चोवीस तासांनी परत चावी भरतो. म्हणजे सोळा तासांची शिल्लक असते. चाळिसातले सोळा, दोन पंचमांश. पहिल्या दिवशी त्यानं भरलेल्यातलं दोन पंचमांश उरलं, वर माझं पडलं. दुसऱ्या दिवशी त्या दोन पंचमांशाचं दोन पंचमांश उरलं. तिसऱ्या दिवशी त्याचं. कितीही दिवस करा, चाचा, शून्य येत नाही. त्याचा वाटा आत आहे. कमी असेल. पण आहे. एकदा थांबलं, की शून्य.”

हेच गणित ते आम्हाला नववीत शिकवायचे. फळ्यावर रेघ मारायची आणि अर्धी अर्धी पुसत जायची. पुसा, आणखी पुसा, म्हणायचे, आणि सगळा वर्ग हसायचा. त्या दुपारी दुकानात कुणी हसलं नाही.

“गणित बरोबर आहे,” चाचा म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. जिंकल्यासारखं.

चाचांनी घड्याळ पालथं केलं आणि मागचं झाकण काढलं. आतलं डुलतं चाक, आम्ही चक्कर म्हणतो ती, हलत होती, पण आजारी माणसानं चालावं तशी. चाचांनी आपलं भिंग सरांच्या डोळ्याला लावून दिलं आणि चिमट्याचं टोक एका चाकाच्या मुळाशी नेलं.

“काय दिसतं?”

“तांबूस काहीतरी... भुकटी आहे. गंज?”

“तेल वाळून गेलंय. त्यावर तुम्ही रोज चावी देताय. लोखंडाला लोखंड घासतंय. ही भुकटी म्हणजे घड्याळच आहे, सर. त्याच्या मनगटावर फिरत होती ती चाकं.”

सर भिंगातून बघत राहिले.

“यातला वाटा कुणाचा, तोही काढा,” चाचा म्हणाले.

...

असं कुणी कुणाला बोलतं का? मी चाचांच्या गुडघ्याला हळूच हात लावला. त्यांनी तो बाजूला केला.

“सगळा माझा,” सर म्हणाले. भिंग अजून डोळ्यालाच होतं. “तीन वर्षांचा सगळा माझाच.”

“अजून दोन महिने चालेल. मग आपणहून थांबेल. त्यानंतर माझ्याच्यानं काही व्हायचं नाही, ह्याची चाकं आता कुठं मिळत नाहीत. आज थांबवलं तर वाचेल.”

“आणि त्याची चावी?”

“ती उतरवावीच लागते. भरल्या चावीचं घड्याळ खोलता येत नाही.”

सरांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. बाहेर एक बाई टायमरचा सेल मागत होती, तिला मी हातानंच नंतर या म्हणून खुणावलं.

“उतरवा,” सर म्हणाले. “माझ्यासमोर नको. मी बाहेर थांबतो.”

“बसा.”

चाचांनी घड्याळ त्यांच्यापुढे सरकवलं.

“चावीची गुंडी धरा. अंगठा आणि हे बोट. घट्ट. मी आतला खटका उचलतो. स्प्रिंग उलटी सुटेल, बोटांना ढकलेल. एकदम सोडलंत तर तुटेल. हळूहळू जाऊ द्यायची.”

हे काम आम्ही कधी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. बावीस वर्षांत एकदाही दिलेलं नाही. मला स्वतःला करू द्यायला त्यांनी चार वर्षं लावली होती.

“मला जमणार नाही, चाचा.”

“रोज भरताय. सोडताही येईल.”

चाचांनी चिमट्यानं खटका उचलला. गुंडी सरांच्या बोटांत उलटी फिरली, जराशी. सरांनी दचकून बोटं आवळली.

“ढकलतंय,” ते म्हणाले.

“हं.”

सरांनी बोटं सैल केली. एक फेरा गेला. मग आणखी एक. त्यांचे ओठ हलत होते, सवयीनं मोजत होते बिचारे. नवापर्यंत मला ऐकू आलं. दहाव्याला बोटं पुन्हा आवळली गेली, आणि मग कितीतरी वेळ ती सुटेनात. चाचा सत्तरीचे, तितका वेळ चिमट्यानं खटका उचलून धरून होते, पण त्यांनी घाई केली नाही. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम.

मग बोटं सैल झाली. मोजणं काही पुन्हा सुरू झालं नाही.

गुंडी फिरायची राहिली. चक्कर दोन-चारदा इकडून तिकडे झाली आणि थांबली.

“...संपला?” सरांनी विचारलं.

“संपला.”

सरांनी बोटं उघडून पाहिली. अंगठ्यावर गुंडीच्या खाचा उमटल्या होत्या. त्यांनी रुमाल काढला, पण डोळ्याला लावला नाही, नुसता मुठीत धरला. मी दुकानात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर स्टुलावर बसलेला होतो आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“कधी मिळेल?”

“चाकं झिजलीत, महिना लागेल.”

“महिना...” सर म्हणाले. “महिनाभर सकाळी सहाला मी काय करू?”

चाचा झाकण लावत होते.

“घरी कोण असतं?”

“ही असते, मल्लिनाथची आई. पण ती त्या वेळी झोपलेली असते. खिडकीकडे तोंड करून.”

“रोज?”

“रोज. मी उठलो तरी हलत नाही. तीन वर्षं झाली, एकदाही हललेली नाही.”

चाचांनी घड्याळ कागदात गुंडाळलं, त्यावर पेन्सिलीनं मल्लिनाथचं नाव लिहिलं आणि खण ओढला.

“उद्या खिडकीच्या बाजूनं जाऊन तिच्या डोळ्यांकडे बघा, सर.”